ताईसोबत कन्हेरगड: पाटणादेवीहून सकाळी वर, संध्याकाळी घरी

आधी मोबाईलच्या नकाशाचं बोलू. त्यात नुसतं ‘कन्हेरगड’ टाकलंत तर तो तुम्हाला नाशिक जिल्ह्यात, कळवणकडे नेऊन सोडू शकतो. रामजी पांगेरांनी दिलेरखानाच्या फौजेशी झुंज दिली तो कन्हेरगड तिकडचा. आपला कन्हेरगड चाळीसगाव तालुक्यातला, पाटणादेवीच्या डोक्यावरचा. म्हणून नकाशात ‘पाटणादेवी’ टाका. गड तिथून शोधावा लागत नाही, मान वर केली की झालं.

हा लेख सराईत ट्रेकरसाठी नाही. दोन भावंडं आहेत, त्यातलं एक डोंगर चढणारं आणि दुसरं न चढणारं, अशांसाठी आहे. मी ताईला घेऊन गेलो. ताई ४४ वर्षांची, पाचोऱ्याकडे शाळेत गणित शिकवते, डावा गुडघा कुरकुरतो, आणि तिच्या लेखी मी अजून सातवीतच आहे. पहिल्या वेळी आम्ही अर्ध्यातून परतलो, दुसऱ्या वेळी माथा गाठला. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं पहिल्या फेरीतून शिकलेलं आहे.

कन्हेरगडच का? खान्देशात डोंगरांना तोटा नाही. धुळ्याजवळचा लळिंग महामार्गाला लागून आहे, चढायला सोपा आहे, पण सावली नाही. सातपुड्यातला अस्तंभा १३२५ मीटरचा. दिवाळीत त्याच्या यात्रेला हजारो माणसं चढतात, पण पहिल्याच वेळी बहिणीला तिथे नेणं म्हणजे पुन्हा कधी ती सोबत येणार नाही याची तजवीज. कन्हेरगड मधला. पायथ्याला देऊळ, झाडी, पाणी; अर्ध्या वाटेवर लेणी; वर थोडा कस लागतो. दमलेलं माणूस मध्येच थांबलं तरी त्याचा दिवस वाया जात नाही, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

कधी जायचं

दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात धवलतीर्थ आणि केदारकुंडाचे धबधबे बघायला गर्दी होते, दृश्य सुंदरच असतं, पण गडाच्या वाटेवर शेवाळ आणि चिखल असतो. धबधब्यांसाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी गडाचं नाव काढू नका. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. होळीनंतर खान्देशचं ऊन सुरू होतं, त्याबद्दल आपल्या लोकांना मी काय सांगणार. नवरात्रात आणि चैत्रात देवीची यात्रा असते. तेव्हा दर्शनाला जा, चढाईला नको.

घरून निघण्याआधीची बोलणी

सामानाच्या यादीआधी हे घेतोय, कारण भावंडांच्या चढाया डोंगरामुळे कमी फसतात, न बोलल्यामुळे जास्त. धाकट्याला दम लागला तरी तो थोरल्यापुढे कबूल करत नाही. थोरल्याची वाट चुकली तरी तो धाकट्यापुढे मानत नाही. घरी जेवणाच्या ताटावर हे गमतीचं असतं, कातळाच्या कडेला नसतं. म्हणून तीन गोष्टी आदल्या रात्री ठरवून टाका.

पहिली, वाटेचा निर्णय कोण घेणार. जो आधी तिथे गेलाय किंवा ज्याला डोंगराची सवय आहे तो, वयाने लहान असला तरी. ताईने हे मान्य केलं, पण बदल्यात थांबायचं कधी हे ती ठरवणार अशी अट घातली. अट उत्तम निघाली. वाट एकाची, विसावा दुसऱ्याचा.

दुसरी, परत फिरायची वेळ. आम्ही दुपारचे बारा ठरवले होते. बाराला जिथे असू तिथून खाली, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. नोव्हेंबर-डिसेंबरात इकडे पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याआधीच येतो. हे जंगल बिबट्याचं आहे. चार-साडेचारपर्यंत देवळाशी परत असलंच पाहिजे, आणि दुखरा गुडघा उतरायला चढण्याएवढाच वेळ घेतो, कधी जास्तच.

तिसरी, दमलो हे कसं सांगायचं. आमच्या घरात ‘दमलो’ हा शब्द म्हणजे हार. म्हणून आम्ही ‘पाणी’ हा शब्द ठरवला. कुणीही ‘पाणी’ म्हटलं की दोघांनी थांबायचं, तहान असो नसो. ताई पहिल्या तासात नऊ वेळा पाणी म्हणाली आणि त्यातलं घोटभरच प्यायली.

चढाईआधी दोन आठवडे न चढणाऱ्या भावंडाने रोज वीस मिनिटं जिने चढावेत-उतरावेत. सपाटीवर चालून पायांना चढाची सवय होत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, साखर असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा आणि गोळ्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाला नको.

पाठीवर काय

पाणी माणशी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिण्याचं समजू नका. पहिल्या वेळी मी दोघांत मिळून तीन लिटर नेलं होतं. थंडीचे दिवस आहेत, पुरेल, असा हिशेब केला. अकरा वाजता दीड घोट उरला. ताईने रिकामी बाटली माझ्यापुढे धरली आणि शाळेत धरते तसं विचारलं, ‘‘भागाकार चुकला की गुणाकार?’’ आम्ही परत फिरलो.

तीन लिटरांपैकी एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. चमचा चहाचा. प्रमाण अंदाजाने वाढवू नका, जास्त मीठ बाधतं.

खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुपारपर्यंत मऊ राहते, वाटेत बसून सुक्या चटणीशी खाता येते. कळण्याची भाकरी आणि ठेचा हे आपलं खरं प्रेम, पण उन्हात चढताना ठेचा पाणी मागतो. तो परतीच्या जेवणासाठी गाडीत ठेवा. सोबत केळी, गूळ-शेंगदाणे. केळी पिशवीत सगळ्यात वर, नाहीतर माथ्यावर शिकरण मिळेल. देवळाच्या आवारात वानरांपासून पिशवी सांभाळा.

बूट जुने, पायाला बसलेले, तळाला पकड असलेले. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि जाड, लांब पँट. मी हे ऊन म्हणून नाही, कुसळ म्हणून सांगतोय. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांतून, सलवारीतून आरपार शिरतात. ताईने पहिल्या वेळी पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी कुसळांनी इतकी भरली की ती शेवटी तिथेच झटकत बसली. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या तर हात लावू नका, आणि वाऱ्याच्या दिशेने तिच्या पुढ्यात उभेही राहू नका.

याशिवाय एक काठी (गुडघा दुखणाऱ्यासाठी दोन), टोपी, बॅटरी, शिट्टी, क्रेप बँडेज, आणि घरी कुणाला तरी ‘पाचपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर’ असं सांगून ठेवणं. डोंगरात मोबाईलला रेंज मिळेल यावर भरवसा ठेवू नका. अत्तर, सेंट अजिबात नको; कारण पुढे येतंच.

पोचायचं कसं

चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शन. धुळ्याहूनही रेल्वेचा फाटा आहे. जळगाव, पाचोरा, धुळेवाल्यांनी आदल्या रात्री चाळीसगावात पोचून झोपावं किंवा पहाटेच निघावं. चाळीसगाव ते पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. एसटीच्या फेऱ्यांवर दिवस बांधू नका. दुचाकी सगळ्यात बरी, नाहीतर रिक्षा ठरवा आणि परतीची वेळ रिक्षावाल्याशी आधीच पक्की करा. सहाला चाळीसगाव सोडा. चहा-पोहे शहरातच उरका.

हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. लोक मात्र कन्नडचा घाट म्हणतात आणि मोकळे होतात. वन विभागाच्या नाक्यावर नाव नोंदवा, ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ ठेवा. तिथेच तीन प्रश्न विचारा: गडाची वाट सध्या चालू आहे का, अलीकडे बिबट्या कुठे दिसला, आणि सोबत यायला कुणी गावकरी मिळेल का. पहिल्यांदा जात असाल तर वाटाड्या घ्याच. मी पहिल्या वेळी घेतला नाही. ताईसमोर वाट माहीत असल्याचा आव आणायचा होता.

देवळापाशी अर्धा तास द्या

पाटणादेवीचं देऊळ यादवकाळातलं, काळ्या दगडाचं, उंच जोत्यावर. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये वाटीसारखी जागा, शेजारून डोंगरी नदी. सकाळी सातला इथे घंटेचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो.

इथलं खरं धन एक शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली प्रसिद्ध केला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा, गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या कराचा हिशेब येतो तिथे तो त्या काळच्या मराठीत उतरतो. पैशाचं बोलणं सगळ्यांना कळलं पाहिजे ना! भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड असं सांगितलंय. ते हेच का, यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत. ताईच्या मनात भांडण नाही. ती बूट काढून उभी राहिली आणि देवीआधी भास्कराचार्यांना नमस्कार केला.

चढ

देवळाकडून गडाच्या पायथ्याच्या हेमाडपंती महादेव मंदिराकडे या. एकाकी, रेखीव, बघत बसावं असं मंदिर. इथून खरा चढ सुरू होतो, तेव्हा बुटांच्या नाड्या आणि पोट दोन्ही इथे नीट करून घ्या. पाणी प्या, अर्धं केळं खा.

पहिला अर्धा तास मुद्दाम मंद चाला. पुढे न चढणारं भावंड, मागे सराईत. उलटं केलंत तर पुढचा वेग धरतो, मागचा धापा टाकत गाठतो, आणि मागचा पोचला की पुढच्याचा विसावा संपलेला असतो. मागच्याला विसावा मिळतच नाही. मी ट्रेकच्या गटांत हे शेकडो वेळा पाहिलंय आणि ताईच्या बाबतीत तरी केलंच.

वेग बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? बोलून. चालता चालता सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. दुसऱ्या फेरीत ताईने चढावर भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित घातलं. एका थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर. या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालतोय. तर एकूण किती? ताईला गणित श्वास न तुटता सांगता आलं, म्हणजे वेग ठीक. मला उत्तर देता आलं नाही, त्याला वेग कारण नव्हता. (पंधरा. तीन, पाच, सहा आणि तो बिचारा एक.)

भुंगे गणितात ठीक. इथल्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असू शकतात. ओरडणं, दगड भिरकावणं, धूर करणं, सेंट मारून येणं हे सगळं तिथे अंगाशी येतं. मोहोळ दिसलं तर आवाज न करता, दुरून निघा. उठल्याच माश्या, तर चेहरा झाकून पळत झाडीत शिरा. हात हलवत उभं राहू नका.

चढावर पायाखाली दोन प्रकार लागतात. एक काळा कातळ, त्यावर बूट धरतो. दुसरा मुरूम, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांसारखे सुटे खडे, त्यावर बूट धरत नाही. मुरमावर टाच नाही, अख्खा तळवा टेकवा आणि पावलं लहान घ्या. गवताला धरून वर ओढू नका, उपटून हातात येतं. कारवी किंवा झुडूप असेल तर बुंध्याशी धरा.

वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी लागतात. नागार्जुन कोठडी जैन लेणं आहे, आत तीर्थंकरांच्या मूर्ती. इथे थांबाच. सावली आहे, बसायला जागा आहे, आणि निर्णयाची जागाही हीच आहे. ज्याचा गुडघा बोलायला लागलाय त्याने इथून परत फिरायला काहीच हरकत नाही. तेवढ्यानेही दिवस भरलेला असतो. मात्र एकाला इथे बसवून दुसऱ्याने ‘पटकन जाऊन येतो’ म्हणायचं नाही. अभयारण्यात दोघं असाल तर दोघंच राहा. आत शिरण्याआधी बॅटरी मारून बघा आणि वटवाघळं असतील तर बाहेरूनच दर्शन घ्या.

लेण्यांच्या पुढे वाटा फुटतात, आणि चूक होते ती इथे. पहिल्या वेळी मी रुंद, मळलेली वाट धरली. छान आडवी जात होती. वीस मिनिटांनी ती झुडपात शिरून दिसेनाशी झाली. ताई दोनदा म्हणाली, ‘‘अरे, ही वर जातच नाहीये.’’ मी ऐकलं नाही. खालून एक गुराखी आजोबा ओरडले, ‘‘ती ढोरेस्नी वाट शे भाऊ, माणसेस्नी नही!’’ ताई काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला अजून ऐकू येतं. पाणी संपलं ते त्या वीस अधिक वीस मिनिटांत.

तेव्हा ओळखायचं कसं? गुरांची वाट चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जाते, म्हणून बहुधा डोंगराला आडवी फिरते, तिला चार फाटे फुटतात आणि शेणाच्या जुन्या पोवट्या दिसतात. गडाची वाट चढ धरून राहते आणि मधूनमधून तिच्यावर घडवलेला दगड, खोदलेली पायरी दिसते. दहा मिनिटं चालून एकही खूण मिळाली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत या. पुढे जाऊन वाट शोधू नका. प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा, कारण उतरताना तोच फाटा अगदी अनोळखी दिसतो.

शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. झिजलेल्या, कुठे माती भरलेली. इथे तीन आधारांचा नियम: दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले, एका वेळी एकच सुटा. काठी पिशवीला अडकवा, मोबाईल खिशात. एक जण पूर्ण वर पोचेपर्यंत दुसऱ्याने त्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. सुटलेला दगड नातं बघत नाही. ताई इथे घाबरली. मी ‘काही नाही गं, सोपं आहे’ म्हणालो, आणि हे वाक्य तुम्ही म्हणू नका. घाबरलेल्याला सोपं आहे म्हटलं की तो घाबरलेलाही राहतो आणि एकटाही पडतो. मग मी फक्त पुढचं पाऊल सांगत गेलो: डावा पाय त्या खाचेत, उजवा हात वर, थांब. ती सरळ वर आली.

माथा मोकळा आहे. पाण्याची टाकी, पडक्या वास्तूंचे अवशेष, आणि भोवती बघण्यासारखं पुष्कळ. एका बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे सपाट डोंगर, दुसरीकडे खाली चाळीसगावची शेतं. देवळाचं शिखर खेळण्याएवढं दिसतं. कडेपासून दोन-तीन हात लांबच उभे राहा, सेल्फी घ्यायची तर बसून घ्या. आम्ही साडेअकराला पोचलो, दशम्या खाल्ल्या, आणि बाराला मी उठलो तर ताई म्हणाली, ‘‘अजून दहा मिनिटं.’’ थांबायचं कधी हे तिच्याकडे होतं, परत फिरायची वेळ दोघांची होती. उठलो.

उतार

अपघात उतरताना जास्त होतात, कारण मन आधीच खाली पोचलेलं असतं. नाड्या पुन्हा बांधा, घोट्याकडे घट्ट, म्हणजे पाय बुटात पुढे सरकणार नाही. आता सराईत पुढे, दुसरा मागे, दोघांत चार-पाच हात अंतर. दुखऱ्या गुडघ्यासाठी तिरकं, नागमोडी उतरा. उंच पायरी असेल तर काठ्या आधी खाली टेकवा, मग दुखरा पाय, मग चांगला. पायऱ्यांवर गरज वाटली तर तोंड डोंगराकडे करून उतरा. त्यात लाज नाही.

काही बिघडलंच तर: पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सूज आली की परत घालता येत नाही; वरूनच बँडेज आवळा आणि सावकाश लेण्यांपर्यंत या. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव न हलवता माणसाला उचलून खाली आणा आणि दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागासाठी १९२६. ऊन लागून बडबड सुरू झाली, घाम थांबला, तर सावलीत आडवं करा, कपडे ओले करून वारा घाला, आणि मदत बोलवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

खाली आल्यावर कुणीतरी हमखास म्हणेल, ‘पितळखोरा इथून जवळच आहे, जाऊन या.’ त्याच दिवशी जाऊ नका. ती लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतकी जुनी, आणि तिथली कण्हदास सोनाराने घडवलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दमल्या पायांनी उरकण्याची ती जागा नव्हे. पाटणादेवीकडून जाणारी वाट जंगलातून आहे, वाटाड्याशिवाय धरू नये. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी कन्नडकडून वर जा, तिथून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत.

साडेतीनला आम्ही नदीकाठी पाय सोडून बसलो. गाडीतला ठेचा आणि भाकरी तेव्हा निघाली. नाक्यावर परतीची नोंद करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही चाळीसगावच्या फलाटावर चहा पीत असाल आणि कुणीतरी तुम्हाला डोंगरात शोधत असेल. घरी ठरल्या माणसाला फोन करा.

आणि मोजे घरी गेल्यावर लगेच धुवायला टाकू नका. आधी उलटे करा, उजेडात धरा, कुसळं चिमट्याने एकेक काढा. मी तसेच बादलीत टाकले होते. आठवडाभर घरातल्या सगळ्यांचे टॉवेल टोचत होते.